लष्करी सेवेतून परतणाऱ्या कामगाराची जागा
(शाखेच्या मेळाव्यात सचिवांनी केलेले भाषण)



टेरिटोरियल आर्मी, म्हणजे प्रादेशिक सेनेतून परतणाऱ्या कामगारांविषयी मी बोलणार आहे. काहींना हे रुचणार नाही. मे १९७४ च्या संपात गाड्या चालवायला सरकारने याच सेनेच्या रेल्वे तुकड्या बोलावल्या होत्या. ती जखम आपण विसरलेलो नाही. पण हुकूम सरकारचा होता. गणवेश घालणारा आपलाच फिटर, आपलाच पॉइंट्समन होता. त्याच्या भाकरीचा प्रश्न आला की युनियनने त्याच्या पाठीशी उभे राहिलेच पाहिजे.

प्रादेशिक सेना कायदा १९४८ चे कलम ७अ पाहा. लष्करी सेवेसाठी बोलावलेल्याला लागेल ती रजा देणे आणि सेवा संपल्यावर कामावर परत घेणे, हे मालकाचे कर्तव्य आहे. तेही नोकरीत खंड पडला नसता तर मिळाल्या असत्या, त्याहून कमी नसलेल्या अटींवर. म्हणजे नुसती जुनी जागा देऊन भागत नाही. कर्तव्य चुकवले तर एक हजार रुपयांपर्यंत दंड आणि कामगाराला सहा महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम. बोलावण्याचा हुकूम निघाल्यावर कामावरून काढले, तर हेतू वाईट नव्हता हे मालकाने सिद्ध करायचे.

टपाल बंधूंचा मार्ग वेगळा. ते लष्करी टपाल सेवेत डेप्युटेशनवर जातात, पुढे मूळ खात्यात परततात. पण दुखणे एकच.

आमच्या शेडचा एक फिटर परत आला, तेव्हा त्याच्या मागचे तिघे ज्येष्ठता यादीत त्याच्या वर होते. तो बाहेर असताना ट्रेड टेस्ट झाली. त्याला कुणी कळवलेच नाही. सेवापुस्तिकेतले पान कोरे. त्याने बोलावण्याच्या हुकुमाची प्रत जपली होती, म्हणून आम्हाला भांडता आले. वर्षभराने त्याला त्याची जागा मिळाली.

२०२१ मध्ये रेल्वेच्या सहापैकी पाच रेजिमेंट मोडण्याचा निर्णय झाला, म्हणून कुणी म्हणेल, आता हे कशाला? मे २०२५ मध्ये केंद्राने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेना बोलावण्याचा अधिकार दिला होता, हे विसरू नका.

तेव्हा जाण्यापूर्वी सेवापुस्तिकेत नोंद करून घ्या. हुकुमाची एक प्रत घरी, एक शाखेत ठेवा. परतल्यावर पहिल्याच आठवड्यात ज्येष्ठता यादी, वेतनवाढ आणि रजेचा हिशेब तपासा. तफावत दिसली तर तोंडी बोलू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि शाखेत या.

कामगार एकजुटीचा विजय असो!