आकडा कशाचा?

एखाद्या प्रकल्पाची प्रगती आता संगणकाच्या पडद्यावर आकड्यांत दिसते. परंतु तो आकडा कशाचा, हे संगणक ठरवीत नाही. आपल्या देशातील ग्रामविद्युतीकरणाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९९७ पूर्वी गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली, की ते गाव विद्युतीकृत गणले जाई. शिवारातल्या एका विहिरीवर पंप चालला, तरी तेवढे पुरे. गावठाणातल्या अंधाराला रकानाच नव्हता! १९९७ साली वीज वस्तीत पोचण्याची अट आली. २००४ साली ती अधिक कडक झाली: वस्तीत, आणि दलितवस्ती असेल तेथेही, रोहित्र व तारा; शाळा, पंचायत, आरोग्यकेंद्र अशा ठिकाणी वीज; आणि निदान १० टक्के घरांत जोडणी. एकही तार न तुटता कित्येक गावे यादीत पुन्हा वीजहीन ठरली. म्हणूनच व्याख्या बदलल्याची तारीख आकड्याशेजारी नोंदविली पाहिजे. जुने व नवे आकडे एकाच रेषेने जोडणे ही शुद्ध फसगत होय.

१ एप्रिल २०१५ रोजी वीजहीन असलेल्या १८,४५२ गावांची प्रगती ‘गर्व’ या ॲपवर गावनिहाय दाखविली जाऊ लागली. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपुरातील लेइसांग येथे वीज पोचली आणि ती यादी संपल्याचे जाहीर झाले. पण घरे उरलीच होती. २०१७ साली सुरू झालेल्या ‘सौभाग्य’ योजनेने गावाऐवजी घर हे एकक धरले होते, ते याचसाठी. जोडलेल्या घरात दिवा किती तास जळतो, हे मात्र त्याही एककात मावत नाही. त्यासाठी निराळा रकाना हवा, आणि तो भरावयास रोहित्रावर मीटर.