जुनं घ्या, पण तपासून घ्या
(सोसायटीच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणातून)



जुनी वस्तू घेण्यात कमीपणा नाही. आपल्याकडं बाळाला पहिलं अंगडं जुन्या मऊ कापडाचंच घालतात, आजीच्या लुगड्याची गोधडी होते. जुना कपडा उजेडाकडं धरा, विरलेला लगेच दिसतो. घरी आणल्यावर गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. लाकडी कपाट मागून ठोका. भुसा गळला तर कीड लागली समजा.

खरी काळजी घ्यायची ती कुलरची. नांदेड-लातूरला उन्हाळ्यात पारा 42 पर्यंत चढतो. मग जुन्या लोखंडी कुलरवर गिऱ्हाईक तुटून पडतं आणि तपासायचं राहून जातं. पत्रा गंजलेला, पंपाची वायर सोललेली असली की करंट पत्र्यात उतरतो. म्हणून कुलर थंडीतच घ्या; स्वस्त मिळतो, सवडही असते. इलेक्ट्रिशियनकडून वायर बदलून घ्या, तीन पिनांचा प्लग लावा, घरचं अर्थिंग तपासा. आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, प्लग काढल्याशिवाय पाणी भरायचं नाही.

बँकेत आम्ही तारण बघितल्याशिवाय कर्ज देत नसू. इथं तर चार पैसे वाचवताना लेकराबाळांचा जीवच तारण असतो, एवढं ध्यानात ठेवा.