मॉरिशस : छोटं बेट, पैशाची मोठी वाट


आज बोलू या मॉरिशसबद्दल.

एकोणिसाव्या शतकात कोकणातले मजूर
तिथल्या उसाच्या मळ्यांवर गेले.
त्यांचे वंशज आजही गणपती बसवतात.

हे नातं रक्ताचं.
दुसरं नातं पैशाचं.

1982 साली भारत आणि मॉरिशसमध्ये
कर करार झाला.
मॉरिशसच्या कंपनीनं भारतातले शेअर विकले,
तर नफ्यावर भारत कर लावत नसे.
आणि मॉरिशसही लावत नसे!

मग जगभरातला पैसा
मॉरिशसमार्गे भारतात येऊ लागला.
होय, बेट छोटं,
पण परकीय गुंतवणुकीची वाट फार मोठी.

2016 मध्ये करार बदलला.
1 एप्रिल 2017 पासून घेतलेल्या शेअरच्या विक्रीतल्या नफ्यावर
भारत कर लावू शकतो.
हे योग्यच झालं.
इथल्या कमाईत इथल्या तिजोरीचा वाटा हवाच.

आता उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या
उद्योजकांसाठी खास.
2021 पासून मॉरिशसशी नवा व्यापार करार आहे.
भारतातलं कापड, प्लास्टिक, रसायनं
यांतल्या अनेक वस्तूंना
तिथं आयात शुल्कात सवलत मिळते.
तिथले तयार कपडेही
सवलतीत इकडे येऊ शकतात.
आपला माल सवलतीच्या यादीत आहे का,
हे निर्यातीआधी जरूर तपासा.