परसबागेतील टोमॅटो आणि पाण्याची पाळी



परसबागेतील टोमॅटोला किती दिवसांनी पाणी द्यावे, हा प्रश्न नांदेड-लातूर भागात केवळ हौसेचा नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी पाच लाख लिटर पाणी घेऊन मिरजेहून पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली, तेव्हा मांजरा धरण कोरडे पडले होते. नांदेडला गोदावरीचा व विष्णुपुरी प्रकल्पाचा आधार असला, तरी उन्हाळ्यातील टंचाई तेथेही अपरिचित नाही. अशा प्रदेशात झाडाला विनाकारण घातलेली बादली घरच्या माणसांच्या वाट्यातून जाते.

रोज थोडे पाणी शिंपडण्याची सवय घरोघरी दिसते. त्याने मातीचा वरचा थर तेवढा भिजतो, बरेचसे पाणी उन्हाने उडून जाते आणि मुळे खोल जात नाहीत. त्याऐवजी पाणी कमी वेळा, परंतु मुळांपर्यंत उतरेल असे द्यावे. भारी काळ्या जमिनीत हिवाळ्यात आठ-दहा दिवसांची आणि उन्हाळ्यात चार-पाच दिवसांची पाळी साधारणतः पुरते. अहमदपूरकडील बालाघाटाच्या माळावर जमीन मुरमाड. तेथे हे अंतर बरेच कमी करावे लागते. डब्यात किंवा कुंडीत लावलेले झाड उन्हाळ्यात रोज पाणी मागते.

हे आकडे पंचांगाप्रमाणे पाळावयाचे नाहीत. बुंध्याजवळ दोन इंच बोट खुपसून पाहावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. दुपारच्या उन्हात पाने मलूल होतात, पण संध्याकाळी ती सावरली तर झाड तहानलेले नाही. सकाळीही त्याने मान टाकलेली असेल, तर मात्र माती तपासावी; कधी कधी मुळांशी पाणी साचल्यानेही असे घडते.

खरे नुकसान होते ते अनियमितपणामुळे. ओल टिकली नाही की फळाला पुरेसे कॅल्शियम पोहोचत नाही आणि त्याचा खालचा भाग काळा पडतो. पुष्कळदा याला कीड समजून औषध फवारले जाते. तो खर्च व्यर्थ. दीर्घ ताणानंतर भरपूर पाणी दिल्यास पिकत आलेली फळे तडकतात.

नळाला अनेक दिवसांनी पाणी येते तेथे ही नियमितता कशी साधावी? तांदूळ, डाळ व भाज्या धुतलेले पाणी साठवून ठेवावे. बुंध्याभोवती सोयाबीनच्या भुसकटाचा तीन-चार बोटे थर द्यावा; या सोयाबीनच्या मुलखात त्याला तोटा नाही. झाडाशेजारी न भाजलेले नव्हे, तर भाजलेले साधे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवल्यास पाणी हळूहळू पाझरत राहते.

शालेय परसबागांत उत्साहापायी प्रत्येक वर्ग आपापली बादली ओततो. त्यापेक्षा एकाच वर्गाकडे आठवड्याची पाळी असावी. दिवाळीच्या सुटीत शाळेला कुलूप लागते आणि नेमकी तेव्हाच झाडे फुलोऱ्यावर असतात. त्या दिवसांत मडकी कोणी भरावयाची, हे मुख्याध्यापकांनी व ग्रामपंचायतीने सुटीपूर्वीच ठरवून ठेवावे.