श्रीरामपूर : हुगळीकाठचे डॅनिश नगर

युरोपातील एखादे जुने नगर सकाळपासून संध्याकाळपर्यंत पायी हिंडून पाहावे, ही हौस पुष्कळांना असते. तिथवर जाणे मात्र थोड्यांनाच घडते. कलकत्त्यास गेलेल्या मराठी माणसाला ही हौस लोकलच्या तिकिटात भागविता येते. हावड्याहून वीसएक किलोमीटरवर श्रीरामपूर लागते. इ.स. १७५५ पासून १८४५ पर्यंत, मधली इंग्रजी जप्तीची काही वर्षे सोडली तर, या गावावर डेन्मार्कचे निशाण होते, आणि राजा पाचवा फ्रेडरिक याच्या नावावरून त्याला फ्रेडरिक्सनगर म्हणत. थोडे वर गेले की चंदननगर फ्रेंचांचे, चुंचुडा डचांचे. पण मराठी वाचक ज्याचा ऋणी आहे ते गाव हेच.

डॅनिश व्यापाऱ्यांना येथे वखारीची परवानगी दिली ती नबाब अलीवर्दीखानाने. याच नबाबाने चार वर्षांपूर्वी नागपूरकर भोसल्यांना वार्षिक बारा लाख रुपये चौथाई कबूल केली होती. त्या स्वाऱ्यांतील ‘बर्गी’ म्हणजे आपले बारगीर. त्यांचे भय बंगाली अंगाईगीतात अजून जिवंत आहे, हे येथे येणाऱ्या मराठी माणसाने मनात ठेवलेले बरे.

स्थानकावरून नदीकडे चालत गेल्यास बाजाराच्या गर्दीतून एकाएकी सेंट ओलाव्हच्या चर्चचा मनोरा दिसतो. हे चर्च इ.स. १८०६ मध्ये पुरे झाले. दर्शनी भागावर राजा सातवा ख्रिश्चन याची मुद्रा आहे. ओलाव्ह हा संत नॉर्वेचा. पण तेव्हा नॉर्वेही डेन्मार्कच्या राजाकडेच होता. मध्यंतरी इमारत फार जीर्ण झाली होती. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या साहाय्याने तिचा जीर्णोद्धार झाला आणि २०१६ साली युनेस्कोने त्याचा गौरव केला. नदीकाठची इ.स. १७८६ ची डेन्मार्क टॅव्हर्न ही खानावळही अशीच सावरून २०१८ साली पुन्हा उघडली. तिथे चहा घ्यावा, पण फार वेळ बसू नये. खरे पाहण्याजोगे पुढे आहे.

काठाकाठाने गेले की श्रीरामपूर कॉलेजची उंच खांबांची इमारत येते. कॉलेज इ.स. १८१८ चे, १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याचा अधिकार दिला. संस्थापक विल्यम कॅरे, मार्शमन आणि वॉर्ड. कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून ते डॅनिश आश्रयाला आले आणि इ.स. १८०० साली येथे त्यांनी छापखाना घातला. खिळे पाडणारा कारागीर पंचानन कर्मकार. कॅरे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीही शिकवी, आणि तेथील वैजनाथ पंडिताच्या साह्याने त्याने इ.स. १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले, ते देवनागरीत. पुढे मोडीचे खिळे तयार झाले. १८१० साली मोडीत मराठी कोश निघाला, १८१४ साली सिंहासनबत्तिशी, पुढल्या वर्षी हितोपदेश, आणि १८१६ साली रघुजी भोसल्यांची वंशावळी! ज्या प्रांताने भोसल्यांच्या घोड्यांच्या टापा ऐकल्या, त्याच प्रांतात त्यांची वंशावळी छापून निघाली. गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर पंचांग काढले ते इ.स. १८३१ साली, हे लक्षात घेतले म्हणजे श्रीरामपूरची घाई कळते. हेतू धर्मप्रसाराचा आणि कंपनीच्या नोकरांना भाषा शिकविण्याचा होता, हे खरे. पण कोश हा कोश असतो.

११ मार्च १८१२ रोजी छापखाना जळाला. कागद, हस्तलिखिते, अनेक लिप्यांचे खिळे गेले. मात्र खिळे घडविण्याचे पोलादी ठसे राखेत शाबूत सापडले आणि थोड्याच आठवड्यांत वितळलेल्या शिशातून नवे खिळे ओतले जाऊ लागले. म्हणूनच सिंहासनबत्तिशी आगीनंतरची आहे.

कॅरेच्या नावाचे ग्रंथालय व संग्रहालय कॉलेजच्या आवारात आहे. मोडीतला तो कोश आज समोर ठेवला, तर तो वाचू शकणारी मराठी माणसे किती निघतील? देवनागरीतले व्याकरण मात्र शाळकरी पोरही वाचील.

तिघेही संस्थापक गावातील मिशनच्या दफनभूमीत आहेत. कॅरे इ.स. १८३४ साली वारला. थडग्यावर एका स्तोत्राच्या दोनच ओळी असाव्यात, अशी त्याची इच्छा होती. अकरा वर्षांनी डेन्मार्कने श्रीरामपूर आणि तरंगंबाडी मिळून साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकली. उन्हे उतरली की नावेने पलीकडे बराकपूरला जावे. तिथूनही कलकत्त्याची गाडी मिळते, आणि नदीतून चर्चचा मनोरा अधिक चांगला दिसतो.