मनातलं बोलणं ही अमानत आहे
(उदगीर येथे युवक-युवतींसमोर केलेले भाषण)



मानसोपचारातली गोपनीयता हा विषय ऐकायला कोरडा वाटेल. पण तुमच्यापैकी कुणीतरी याच एका कारणासाठी उपचाराला जायचं टाळलं असेल. मी समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे येणारी मुलं-मुली "मला काय झालंय?" असं आधी विचारत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असतो, "मॅडम, हे घरी कळणार नाही ना?"

उदगीरसारख्या गावात ही भीती खरी आहे. इथे रिक्षावाला अब्बांच्या ओळखीचा असतो, मेडिकलवाला मामूंचा वर्गमित्र असतो आणि दवाखान्याच्या बाकावर शेजारच्या खाला बसलेल्या असतात. "दिमाग की गोली चालू है कते" एवढं एक वाक्य मोहल्ल्यात फिरलं की मुलीच्या रिश्त्याची बोलणी थांबतात. नीटच्या तयारीला लातूरला राहणाऱ्या मुलाची झोप उडालेली असते, तरी तो कुणाला सांगत नाही. त्याला आजारापेक्षा बोभाट्याची भीती जास्त वाटते. ज्यांना जमतं ते ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून दुसऱ्या शहरात जातात. ज्या मुलींना एकटीनं घराबाहेर पडता येत नाही, त्या तशाच दिवस काढतात.

म्हणून कायदा काय सांगतो ते नीट ऐका. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली संसदेनं केला आणि 2018 मध्ये तो लागू झाला. त्याच्या कलम 23 नुसार मानसिक आजार असलेल्या माणसाला आपल्या आजाराची आणि उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क आहे. उपचार करणाऱ्या प्रत्येकावर ती गुप्त ठेवण्याचं बंधन आहे. कलम 24 प्रमाणे संमतीशिवाय तुमचा फोटो किंवा माहिती माध्यमांना देता येत नाही. कॉम्प्युटरवर साठवलेल्या माहितीलाही हेच लागू आहे.

याला अपवाद आहेत, आणि ते लपवणं म्हणजे तुम्हाला फसवणं. कुणाच्या जिवाला धोका असेल, दुसऱ्या कुणाला इजा होणार असेल, उपचारासाठी दुसऱ्या तज्ज्ञाला सांगणं आवश्यक असेल, सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न असेल किंवा उच्च अथवा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश असेल, तर आवश्यक तेवढी माहिती देता येते. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवावंच लागतं. या अपवादांमागे कारणं आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियात एका विद्यार्थ्यानं आपल्या उपचारकाला सांगितलं होतं की तो एका तरुणीला मारणार आहे. उपचारकानं पोलिसांना कळवलं, पण त्या तरुणीला कुणीच सावध केलं नाही आणि तिचा खून झाला. 1976 मध्ये तिथल्या न्यायालयानं 'तारासॉफ' खटल्यात सांगितलं की, जिला धोका आहे तिला वाचवण्यासाठी पावलं उचलणं हेही उपचारकाचं कर्तव्य आहे.

आता घरच्यांचं. कायद्यात 'नामनिर्देशित प्रतिनिधी' नावाची एक व्यक्ती आहे. उपचारात मदत करण्यासाठी तिला माहिती देता येते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी ती व्यक्ती सहसा पालकच असते. पण तुम्ही सज्ञान असाल, तर ती व्यक्ती तुम्ही निवडायची असते. साध्या कागदावर नाव लिहून सही किंवा अंगठा पुरेसा आहे. त्या व्यक्तीची लेखी संमती मात्र लागते. तुम्ही कुणालाच नेमलं नाही, तर कायदा नातेवाईकाकडे वळतो. ज्या मुलीचा त्रासच घरातून सुरू झालाय, तिच्यासाठी हा साधा कागद किती मोलाचा आहे, याचा विचार करा. विश्वासातली फुफी, मोठी बहीण, मैत्रीण, कुणाचंही नाव तिथे लिहिता येतं. फक्त ती व्यक्ती सज्ञान आणि ही जबाबदारी पेलणारी हवी.

"घरातली गोष्ट घरातच राहू दे," असं आपल्याकडे सांगतात. यात आणि गोपनीयतेत फरक आहे. गोपनीयतेत कुणाला किती सांगायचं हे ज्याचं दुःख आहे तो ठरवतो. इज्जतीच्या नावाखाली गप्प बसवतात तेव्हा ते दुसराच कुणीतरी ठरवतो.

आपल्या घरांत अमानत हा शब्द सगळ्यांना कळतो. सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याच्या गोष्टी हुडकत फिरण्याला आणि गीबतीला, दोन्हींना मनाई आहे. तरी बहिणीचा मोबाइल तपासणं आपल्याला जबाबदारी वाटते. आणि धर्माचा आधार बाजूला ठेवला तरी हा हक्क उरतोच. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो भारताचे नागरिक म्हणून तुमचा आहे.

पहिल्याच भेटीत काही प्रश्न विचारा. माझ्या नोंदी कुठे ठेवता? त्या कोण वाचू शकतं? घरून फोन आला तर काय सांगाल? कोणत्या परिस्थितीत गुप्तता मोडाल? तुमचं शिक्षण आणि नोंदणी काय आहे? चांगल्या समुपदेशकाला या प्रश्नांचा राग येत नाही. मोबाइल अॅपलाही हेच विचारा. फिनलंडमध्ये 'वास्तामो' या मानसोपचार केंद्राच्या नोंदी चोरीला गेल्या आणि 2020 मध्ये चोरानं थेट रुग्णांनाच खंडणीचे ईमेल पाठवले. तुमची माहिती कुणी फोडली, तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे तक्रार करता येते.

बाहेर पडणं शक्य नसेल, तर 14416 हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

शेवटी एक विनंती. उद्या तुमचा एखादा दोस्त म्हणेल, "यार, मैं डॉक्टर के पास जा रहा हूँ." त्याच्या जिवाला धोका वाटला तर त्याला एकटं सोडू नका, मदत मिळवा. एरवी ती गोष्ट तुमच्यापाशीच राहू द्या. व्हॉट्सअॅपवर एकालाही कळवू नका.