कोड खुला, पण संमती?

2020 चा मे महिना आठवतोय? करोनाची टाळेबंदी चालू होती. दिल्लीला खेटून असलेल्या नोएडात पोलिसांनी हुकूम काढला. तुमच्याकडे स्मार्टफोन आहे, पण त्यात करोनाबाधितांचा संपर्क शोधणारं सरकारी ‘आरोग्य सेतु’ ॲप नाही आणि तुम्ही बाहेर सापडलात, तर भारतीय दंड संहितेचं कलम 188. म्हणजे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड.

हे ॲप आल्याआल्या काय विचारायचं? नाव, फोन नंबर, वय, लिंग, व्यवसाय, गेल्या तीस दिवसांत केलेला परदेश प्रवास. ब्लूटूथ आणि लोकेशन चालूच ठेवायचं. दर पंधरा मिनिटांनी तुमचा ठावठिकाणा फोनमध्ये नोंदला जाई आणि तुम्ही बाधित निघालात, तर ती नोंद सरकारी सर्व्हरवर पोहोचे. या सगळ्याला तुमची संमती घेतलेली असायचीच, एका बटणावर. बटण दाबायचं की नाही ही म्हणे तुमची मर्जी!

डेटा संरक्षण कायद्याचा 2018 चा मसुदा ज्यांच्या समितीनं केला, त्या निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनीच ही सक्ती साफ बेकायदा असल्याचं सांगितलं. 17 मे रोजी केंद्रानंही कार्यालयांतल्या कर्मचाऱ्यांवर आपण घातलेली ॲपची सक्ती सैल केली.

मग 26 मे रोजी ॲपच्या अँड्रॉइड आवृत्तीचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला झाला. चांगलंच झालं, दिल्लीतल्या इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनसारख्या संस्था पारदर्शकतेसाठी मागे लागलेल्याच होत्या. पण खुला झाला तो फोनमधला भाग. माहिती जिथे जाऊन साठते, त्या सर्व्हरचा कोड त्या दिवशी काही आला नाही. म्हणजे दुकानदारानं वजनकाटा दाखवला, वही मात्र गल्ल्याखालीच. आणि समजा सगळा कोड आला असता, तरी तो वाचून ॲप काय उचलतं एवढंच कळलं असतं. लोकांनी खुशीनं हो म्हटलं की नोएडाच्या पोलिसांना भिऊन, हे त्यात सापडणार नव्हतं.

2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती मोकळी आणि बिनशर्त असावी, असं कलम 6 सांगतं. त्याच कायद्याच्या कलम 17 नं मात्र देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी स्वतःच्या यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे ठेवला आहे. माझ्या मते, ही पळवाट आधी बुजवायला हवी.